बोलण्याच्या तासाला बोलते कोण?

श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही भाषेची चार कौशल्ये तुम्ही या अभ्यासक्रमात एव्हाना अनेकदा वाचली असतील. परीक्षेत याच क्रमाने लिहून गुणही मिळवले असतील. या चौकडीतील दुसऱ्या शब्दापाशी मात्र थोडे थांबून पाहा. मराठीत ‘भाषण’ म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, पाण्याचा पेला आणि ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ हे सुरुवातीचे वाक्य. शिक्षणशास्त्राने ‘बोलणे’ या अर्थी हा शब्द पारिभाषिक म्हणून स्वीकारला खरा. पण शब्द आपला रूढ अर्थ घरी ठेवून वर्गात येत नाही. त्यामुळे भाषणकौशल्याच्या नावाखाली आपल्या शाळांतून वक्तृत्व स्पर्धा होतात, १५ ऑगस्टची भाषणे पाठ करवून घेतली जातात, कथाकथनाला तीन बक्षिसे दिली जातात. साठांपैकी तिघे बोलतात, सत्तावन्न टाळ्या वाजवतात, आणि शाळेच्या अहवालात ‘भाषणकौशल्य विकास’ या रकान्यात बरोबरची खूण होते.

वक्तृत्वाशी माझे वैर नाही. महाराष्ट्राला व्याख्यानांची मोठी परंपरा आहे आणि ती टिकावी असेच मला वाटते. परंतु वक्तृत्व हे बोलता येणाऱ्या माणसाने पुढे कमवावयाचे कौशल्य आहे. ज्याला भाषा अजून यायची आहे त्याला बोलते करण्याचे ते साधन नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत केल्याने नुकसान कोणाचे होते, हे आधी पाहू.

‘महाराष्ट्र शालेय शिक्षण संस्थांमध्ये मराठी भाषेचे सक्तीचे अध्यापन व अध्ययन’ हा अधिनियम २०२० साली झाला आणि सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाला. याचा सरळ अर्थ असा की, ज्यांच्या घरात मराठी बोलली जात नाही अशी लाखो मुले आज मराठीच्या तासाला बसतात. मुंबई-पुण्याच्या शाळांत हिंदी, भोजपुरी, तेलुगू, कन्नड, गुजराती बोलणारी मुले आहेत. आणि ज्यांना आपण कधीच ‘अमराठी’ म्हणत नाही, अशी मुले तर कायद्याच्या कितीतरी आधीपासून मराठी शाळेत आहेत : मेळघाटातील कोरकू मुले, गडचिरोलीतील गोंडी आणि माडिया मुले, नंदुरबारकडील भिली आणि पावरी बोलणारी मुले. कोरकू ही मुंडा गटातील भाषा, गोंडी द्राविडी कुळातील. त्यांचा मराठीशी शेजार आहे; कूळ मात्र वेगळे आहे. कोरकू घरातून पहिलीत आलेले मूल पहिल्या दिवशी गप्प बसते, दुसऱ्या दिवशी गप्प बसते, आणि महिनाभराने हजेरीपटाच्या शेजारी, कधी लिखित तर कधी अलिखित, एक शेरा येतो : ‘मंद’. त्या मुलाला आपल्या भाषेत गुरे वळता येतात, भांडता येते, गोष्ट सांगता येते. त्याला मराठी येत नाही, एवढेच. ही पुस्तिका वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील, काही आजच आहेत. असे मूल तुमच्या वर्गात असणार आहे, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

आता नेहमीच्या बोलण्याच्या तासात काय चालते ते आठवा. शिक्षक पेन उंच धरतात आणि विचारतात, ‘हे काय आहे?’ वर्ग म्हणतो, ‘हे पेन आहे.’ शिक्षकांना उत्तर ठाऊक आहे, वर्गाला ठाऊक आहे, आणि शिक्षकांना ठाऊक आहे हेही वर्गाला ठाऊक आहे. जगात कोणताही शहाणा माणूस दुसऱ्याला असा प्रश्न विचारत नाही. किंवा मग ‘दुकानदार व ग्राहक’ हा संवाद : दोन हुशार मुले तो पाठ करून वर्गासमोर म्हणतात. ग्राहकाला दुकानदार काय उत्तर देणार हे आदल्या रात्रीच पाठ आहे. मग त्याने ऐकावे तरी कशाला? बोलणे हे ऐकण्यावर उभे असते, आणि ऐकण्याची गरजच नसेल तर जे उरते ते पाठांतर होय.

माझे म्हणणे एवढेच आहे की, वर्गातील प्रत्येक भाषिक कृतीला एक कसोटी लावावी : बोलणाऱ्याजवळ असे काही आहे का, जे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही आणि हवे आहे? नसेल, तर ती कृती कितीही रंगीत असो, ती बोलण्याची कृती नव्हे.

हा विचार मी शोधलेला नाही, आणि तो केवळ परदेशी पुस्तकांतूनही आलेला नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना रेल्वेची वेळापत्रके, नकाशे, दिनक्रम यांवरची कोडी सोडवायला देणे हे त्याचे सूत्र होते. अशा कामांचे त्यांनी तीन प्रकार सांगितले. एकाजवळ माहिती आहे आणि दुसऱ्याजवळ नाही, तो पहिला प्रकार. दिलेल्या माहितीवरून तर्काने काही काढायचे आहे, तो दुसरा. आणि प्रत्येकाचे मत वेगळे आहे, तो तिसरा. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. प्रभूंचा स्वतःचा कल दुसऱ्या प्रकाराकडे होता. मुलांना बोलायला भाग पाडण्याची त्यांना घाई नव्हती आणि गटकार्याविषयी ते साशंक होते. मुले एकमेकांच्या चुका उचलतील, ही त्यांची शंका. मी या एका बाबतीत त्यांच्याशी सहमत नाही. कारण पुढे येईलच.

आधी एक कृती सविस्तर पाहू. तिला लागणारे साहित्य म्हणजे एक कोरा कागद. प्रत्येक मुलाने त्यावर वर्गातील सहा जणांची नावे लिहायची आणि प्रत्येकाला जाऊन विचारायचे : ‘काल रात्री काय खाल्लंस?’ उत्तर नावासमोर टिपायचे. शेवटी सर्वांनी मिळून काढायचे की वर्गात काल सर्वांत जास्त जणांनी काय खाल्ले. प्रश्न एकच, साधा; आणि उत्तर विचारणाऱ्याला खरोखर ठाऊक नाही. आता या प्रश्नाने मराठीचे कोणते अंग हलते ते पाहा. भात खाल्ला, भाकरी खाल्ली, पिठलं खाल्लं, पोहे खाल्ले. खाणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद खाणाऱ्याकडे पाहत नाही. ते ताटाकडे पाहते. भूतकाळातील सकर्मक क्रियापदाचा हा कर्मणी प्रयोग तुम्ही व्याकरणाच्या घटकात शिकला आहात. पाठ्यपुस्तकात त्याला नियम, उदाहरणे आणि दहा रिकाम्या जागा मिळतात. या कागदावर मात्र तो एका मुलाच्या तोंडून सहा वेळा जातो आणि कानांवर त्याहून अधिक वेळा येतो.

यातली अडचण समजून घ्यायला भाषाविज्ञान उपयोगी पडते. हिंदीभाषक मुलाला ‘रोटी खाई’ ठाऊक असल्याने कर्माकडे पाहण्याची सवय आहे. त्याला नडते ते नपुंसकलिंग, कारण हिंदीत ते नाही. गोंडीत नामांची विभागणी पुल्लिंगी आणि अपुल्लिंगी अशी होते, तर कोरकूत सजीव-निर्जीव हा भेद महत्त्वाचा. तेव्हा भाकरी ‘ती’ आणि भात ‘तो’ का, हे कोरकू मुलाला कोणत्याही तर्काने कळण्यासारखे नाही. कान भरभरून ऐकल्यावरच ते बसते. म्हणून ही कृती एकदा करून सोडून द्यायची नसते. पुढच्या आठवड्यात ‘काल रस्त्यात काय काय पाहिलंस?’ असे विचारावे. बैल पाहिला, एसटी पाहिली, माकड पाहिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘बाजारातून काय आणलंत?’

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. जेवणाचा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. ज्या घरात काल रात्री चूल पेटली नाही, त्या मुलाला आपण सहा जणांसमोर उभे करतो. कोणी मांस खाल्ले, कोणी नाही, यातून जातीही उघड्या होतात आणि मुले निष्ठुर असू शकतात. आपला वर्ग आपल्याला ठाऊक असतो. शंका असेल तेथे सरळ रस्त्यातल्या बैलापासून सुरुवात करावी. व्याकरण तेच आहे.

कसोटी हाती आली की जुन्या कृतीही दुरुस्त करता येतात. दुकानदार-ग्राहकाचा तोच संवाद घ्या. दुकानदाराला एक चिठ्ठी द्या : त्यावर मालाची यादी आणि भाव, पण साखर संपलेली. ग्राहकाला दुसरी चिठ्ठी द्या : हव्या असलेल्या पाच वस्तू आणि खिशात २०० रुपये. भाव असे ठेवा की पाचही वस्तू २०० रुपयांत बसणार नाहीत. आता कोणी पाठ करू शकत नाही. ‘साखर नाही? मग गूळ केवढ्याला?’ हे वाक्य मुलाला स्वतः जुळवावे लागते. शिक्षकाची तयारी दोन चिठ्ठ्यांची. संवाद फळ्यावर लिहून देण्याचे श्रम वाचतात ते वेगळेच.

मराठीची काही वैशिष्ट्ये तर अशी आहेत की ती प्रसंगाशिवाय शिकवताच येत नाहीत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद घ्या. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’. हिंदीभाषकाजवळ दोन्हींसाठी एकच ‘हम’ आहे. फळ्यावर व्याख्या लिहून हा भेद पाठ होतो. पण जिभेवर येत नाही. वर्गाचे दोन गट करा आणि सहल कोठे न्यायची ते प्रत्येक गटाला ठरवू द्या. गटात बोलताना मुले म्हणतील, ‘आपण किल्ल्यावर जाऊया.’ दुसऱ्या गटाला सांगताना म्हणावे लागेल, ‘आम्ही किल्ल्यावर जायचं ठरवलंय.’ आणि दोन्ही गटांना मिळून एकच जागा ठरवायची असल्याने शेवटी पुन्हा ‘आपण’ येईल. दहा मिनिटांत सर्वनाम दोनदा पालटते आणि प्रत्येक वेळी पालटण्याला कारण असते. ‘मी आंबा आवडतो’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यासाठीही हाच मार्ग आहे. ज्याला पोहता येते, जिला सायकल चालवता येते, ज्याला कारले आवडते, अशी माणसे वर्गात शोधून आणायला सांगा. ‘तुला पोहता येतं का?’ हे वीस वेळा विचारल्यावर ‘मला’ आणि ‘तुला’ आपोआप जागेवर बसतात.

उच्चारांविषयी थोडक्यात. वेल-वेळ, काल-काळ, मन-मण अशा जोड्या एकाने वाचायच्या आणि पाठीला पाठ लावून बसलेल्या दुसऱ्याने ऐकू येईल त्या शब्दावर खूण करायची. खूण चुकली की वाचणाऱ्यालाच कळते की आपला ‘ळ’ पोहोचला नाही. शिक्षकाने दहा वेळा ‘ळ म्हण, ळ म्हण’ असे म्हणण्यापेक्षा हे बरे.

तुमच्या लक्षात आले असेल की वरच्या उदाहरणांत मी ‘खाल्लंस’, ‘ठरवलंय’ अशी रूपे लिहिली आहेत, आणि बाकीचा लेख मात्र ‘केले’, ‘ठरवले’ असा चालला आहे. हे जाणूनबुजून आहे. ग्रंथिक मराठी आणि बोलीतील मराठी यांत अंतर आहे आणि आपली शुद्धलेखनाची नियमावलीही पात्राच्या तोंडचा मजकूर त्याच्या बोलण्याप्रमाणे लिहू देते. तरीही अनेक संवादपाठांत मुले एकमेकांना ‘तू काय करीत आहेस?’ असे विचारतात. महाराष्ट्रातल्या कोणत्या अंगणात कोणते मूल असे विचारते? अशी मराठी शिकलेला विद्यार्थी बसथांब्यावर ‘काय करतोयस?’ ऐकून गोंधळतो, आणि आपली मराठी कच्ची आहे असे समजतो. बोलण्याच्या तासाला पहिल्या दिवसापासून बोललेली मराठीच असावी. लिहिण्याची मराठी लिहिण्याच्या तासाला येईल.

आता चुकांचा प्रश्न, ज्यावर माझ्या मते बोलण्याचा तास तरतो किंवा बुडतो. मूल म्हणाले, ‘मी पोळी खाल्लो.’ शिक्षक काय करतात? बहुतेक वेळा वाक्य तोडतात : ‘खाल्लो नाही, खाल्ली! परत म्हण.’ मूल परत म्हणते, वर्ग हसतो आणि त्या दिवशी ते मूल पुन्हा हात वर करीत नाही. काही मायाळू शिक्षक दुसरा मार्ग घेतात : ‘हो का, पोळी खाल्लीस?’ म्हणजे चूक न दाखवता दुरुस्त रूप परत द्यायचे. हा मार्ग सभ्य आहे. परंतु रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात आढळले की, शिक्षक हाच मार्ग सर्वांत जास्त वापरतात आणि मुले सर्वांत कमी दुरुस्ती यालाच प्रतिसाद म्हणून करतात. कारण उघड आहे. मुलाला वाटते, गुरुजी माझ्या पोळीविषयी बोलत आहेत. तिसरा मार्ग म्हणजे वाक्य मुलाकडेच परत सोपवणे : ‘पोळी...?’ एवढे म्हणून थांबणे. मुलाला रूप ठाऊक असेल तर ते स्वतः ‘खाल्ली’ म्हणेल. ठाऊक नसेल तर ती चूक नव्हे. ते अजून शिकवायचे राहिले आहे. आणि यांपैकी काहीही कृती चालू असताना करायचे नाही. मुले बोलत असताना शिक्षकाने हातात वही घेऊन फिरावे, ऐकलेली वाक्ये नावांशिवाय टिपावी आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांतली तीन-चार फळ्यावर घ्यावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे, चूक म्हणण्याआधी ती चूक आहे का, हे तपासावे. सोलापूर-लातूरकडच्या बोलण्यात ‘मी काम केलो’ अशी रूपे सहज ऐकू येतात. कोल्हापूरकडे मुलीही ‘मी जातो’ म्हणतात. हे त्या त्या बोलीचे व्याकरण आहे आणि त्याला नियम आहेत. हैदराबादहून आलेल्या तेलुगूभाषक मुलाचे ‘खाल्लो’ आणि सोलापूरच्या मुलाचे ‘खाल्लो’ ऐकायला सारखे असले तरी एक शिकण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे, दुसरे घरचे धन. दोघांनाही प्रमाणरूप शिकवायचे आहे. पण सोलापूरच्या मुलाला ‘तुझे चुकले’ असे सांगणे हे भाषाशास्त्रदृष्ट्या असत्य आहे. ‘पुस्तकात असे लिहितात’ हे सत्य आहे. तेवढेच सांगावे.

‘आमच्या वर्गात साठ मुले आहेत’ हा आक्षेप आता तुमच्या ओठांवर असेल. तोच माझ्या बाजूने मोठा पुरावा आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षकांनी पंधरा मिनिटे घेतली तर वीस उरतात. एकेकाला उभे करून बोलवायचे तर प्रत्येकाला वीस सेकंद मिळतात. त्याच वीस मिनिटांत शेजाऱ्याशी जोडीने बोलायचे तर प्रत्येकाला दहा मिनिटे. प्रभूंच्या शंकेला माझे उत्तर या हिशेबात आहे : एकमेकांच्या चुका ऐकण्याचा धोका आहेच, पण वीस सेकंदांत कोणालाच कोणतीही भाषा आलेली नाही. बाक हलवावे लागत नाहीत. पुढच्या बाकाने मागे वळले की झाले. गोंगाट होतो, आणि मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहतात. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी पॉल नेशन यांच्या लेखनामुळे रूढ झालेली एक कृती उत्तम चालते. एकाच विषयावर विद्यार्थ्याने एका जोडीदाराशी चार मिनिटे बोलायचे, मग जोडीदार बदलून तेच तीन मिनिटांत, पुन्हा बदलून दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून सांगणे खोटे होत नाही. काय सांगायचे हे पहिल्या वेळी ठरून गेलेले असते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सारे लक्ष कसे सांगायचे याकडे देता येते. तिसऱ्या वेळचे बोलणे किती सरळ होते, हे तुम्ही स्वतः, मराठीत नव्हे तर तुम्हाला अर्धवट येणाऱ्या एखाद्या भाषेत, करून पाहा.

शिक्षकाच्या मौनाबद्दल फार बोलले जात नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांत मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबत असल्याचे दिसले. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. ती मुले आपल्याच भाषेत उत्तरे देत होती. दुसऱ्या भाषेत शब्द शोधणाऱ्याला त्याहून जास्त वेळ द्यावा लागेल, हे उघड आहे. मनात पाचपर्यंत अंक मोजावेत. पहिल्या आठवड्यात ते पाच अंक असह्य लांब वाटतात.

राहिली परीक्षा. ज्याला गुण नाहीत ते शिकवले जात नाही, हे आपल्या व्यवस्थेचे वास्तव आहे आणि त्यावर नुसते हळहळण्यात अर्थ नाही. तोंडी परीक्षेत कविता म्हणवून घेण्याऐवजी दोघांना एकत्र बोलवावे आणि थोड्या फरकाची दोन चित्रे द्यावीत. एकमेकांचे चित्र न पाहता, केवळ विचारून, चार फरक शोधायचे. जोडीला चार मिनिटे दिली तर तीस जोड्यांना दोन तास लागतात. बाकीचा वर्ग तोवर लेखन करू शकतो. गुण तीन गोष्टींना द्यावेत : सांगणे पोहोचले का, प्रश्न विचारता आला का, आणि न समजल्यावर ‘म्हणजे काय?’, ‘परत सांग ना’ असे म्हणून अडलेले बोलणे पुढे नेता आले का. या तिसऱ्याला मी पहिल्या दोहोंइतकेच गुण देईन. उच्चार आणि लिंगवचनाचे गुण वेगळे, आणि थोडे. चित्रे काढता येत नसतील तर एकाच बाजाराचे दोन आराखडे पुरतात; एकात केळीवाला देवळाशेजारी, दुसऱ्यात थांब्याजवळ.